शेवटचा हात

हडपसरच्या आमच्या ऑफिसात परदेशातल्या एका बँकेचं मेनफ्रेमवरचं काम चालतं. मेनफ्रेम म्हणजे तो जुना, अवाढव्य संगणक. तो आता बंदच होणार, असं ऐकता ऐकता माझे केस पिकले.

त्याची एक खोड आहे. साध्या फाइलीत शेवटचा बदल कधी झाला, हे यादीत दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की फाइल कधी तयार झाली आणि तिला शेवटचा हात कधी लागला. तेही नुसती तारीख, वेळ नाही. फाइल उघडून वाचली तरी हात लागला असंच तो धरतो. पुण्यात वाढलेल्या माणसाला यात काही खटकत नाही. 'वस्तूंना हात लावू नये' ही पाटी वाचतच आम्ही मोठे झालो.

एका सोमवारी, शनिवारचा अहवाल बघताना, व्याजदरांची फाइल बदलल्याचं लक्षात आलं. शेवटच्या हाताची तारीख शनिवारची. शनिवारी कामावर एकटीच होती ती टीममधली नवी मुलगी, अमरावतीची, वाघोलीत मैत्रिणींबरोबर राहणारी. साहेबांनी तिला बोलावलं.

"शनिवारी फाइल आपणच बदललीत ना?"

रोज तिला 'तू' म्हणणारे साहेब 'आपण'वर आले होते. पुण्यात हे लक्षण वाईट.

"सर, मी फक्त पाहिली होती."

"मग काय तारीख खोटं बोलते?"

तिला प्रोजेक्टवरून काढायचा मेल त्यांनी आधीच लिहून ठेवला होता. ती ओढणीचं टोक पिळत उभी राहिली. मला भयंकर राग आला.

"साहेब, नुसतं वाचलं तरी ती तारीख बदलते," मी म्हणालो. "बदल कुणी केला याची नोंद बँकेकडे असते. ती मागवू या."

"कशाला? मी बघतो ना." साहेबांनी फाइल उघडली, चष्मा कपाळावर चढवून सावकाश वाचली आणि बंद केली.

मी यादी पुन्हा काढली. शनिवार गायब. शेवटचा हात: आज.

साहेब पडद्याकडे बघत राहिले.

"सर," ती हळूच म्हणाली, "तुम्ही फक्त पाहिली ना?"

मग साहेबांनी तो मेल पुसला, बँकेला लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "जा, तू जागेवर जाऊन बस."

'तू' ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला.