कपाटापर्यंतचा गज

माझ्या बहिणीच्या मुलाला वसतिगृहात सगळे 'डॉक्टर' म्हणत. शिकत होता तो इतिहास. नाव पडलं ते व्हायोलिनमुळे. रोज संध्याकाळी तो पेटी उघडायचा, व्हायोलिनच्या पोटाला कान लावायचा, मानेवरून बोट फिरवायचा आणि पेशंट गंभीर असल्यासारखा चेहरा करायचा. तासाभरातली चाळीस मिनिटं पुसण्यात जात. उरलेल्या वेळात वाजवणं.

व्हायोलिन त्याचं नव्हतं. कॉलेजचा वाद्यवृंद नव्या मुलांना एकेक वाद्य वर्षभरासाठी देत असे. वर्ष संपताना सरांपुढे वाजवून दाखवायचं. जमलं तर वाद्यवृंदात जागा आणि वाद्यही शिक्षण संपेपर्यंत हाताशी. नाही तर वाद्य परत. ताईचा सगळा जीव त्या जागेत अडकला होता. या मुलानं पोहणं सोडलं होतं, बुद्धिबळ सोडलं होतं, टायपिंगचा क्लास तर तिसऱ्या दिवशी. "हे तरी..." एवढंच ती म्हणायची. जागा त्यालाही हवी होती. खरोखर हवी होती, हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून तसं कोणाला वाटणार नाही.

त्याला भेटायला गेले तेव्हा खोलीत त्याचा जोडीदार होता, गणिताचा विद्यार्थी.

"बसा मावशी. खुर्ची मात्र हलवू नका," तो म्हणाला. "खोलीत कुठलं सामान कुठे, याचा यानं नकाशा काढलाय. मी स्वतः सामानातच मोडतो."

"खिडकीशी ऊन लागतं, दाराशी वारा," डॉक्टर म्हणाला. "लाकूड तडकतं, मावशी. हा एवढाच कोपरा सुरक्षित आहे."

सुरक्षित कोपरा म्हणजे कॉट आणि लोखंडी कपाट यांच्यातली फट. माणूस उभा राहील एवढी, त्याचा हात मावणार नाही एवढी. तिथे उभं राहून त्यानं मला वाजवून दाखवलं. गज ओढत ओढत उजवा हात अर्ध्यावर आला की कपाट यायचं. डॉक्टर तिथूनच हात परत फिरवायचा. कपाटाला हात लागू न देण्यात त्याचा हातखंडा होता.

"अरे, खाली कपडे वाळवायची एवढी मोठी खोली आहे. दुपारी रिकामी असते म्हणे. वॉर्डनबाईच म्हणाल्या, पाठवा त्याला."

"ओल्या कपड्यांत? तारांखालची घोडी वाकेल!"

"मग गच्चीवर जा."

"धूळ."

"मी बाहेर जातो, तू माझ्या कॉटवर उभा राहून वाजव," गणितवाला म्हणाला. "हवं तर गादीसुद्धा गुंडाळून ठेवतो."

"तुझी कॉट खिडकीशी आहे."

वहीला कव्हर घालण्यात अख्खा रविवार घालवणारी आणि आत एक ओळ न लिहिणारी मुलं मी वर्गात शिकवताना पुष्कळ पाहिली. पण ती निदान कव्हर जुनं झालं की थांबायची. हा वर्षभर थांबला नाही.

परीक्षेच्या दिवशी ताई आणि मी सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसलो. डॉक्टरनं रुमाल पसरला, व्हायोलिन पुसलं, गजाला राळ लावली, पुन्हा पुसलं.

"आजच वाजवायचं आहे ना?" सरांनी विचारलं.

संथ चालीची धून होती. एकेक सूर गजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबवायचा. रंगमंच एवढा मोठा की तिथे त्यांच्या वसतिगृहाचा अर्धा मजला मावला असता. आणि आमच्या डॉक्टरचा हात अर्ध्यावर यायचा, थबकायचा आणि मागे फिरायचा. प्रत्येक लांब सुराचे दोन तुकडे.

"गज पूर्ण ओढ."

"ओढतोय सर."

"मग अडतोय कशाला? काय आहे तिथे?"

डॉक्टरनं उजवीकडे वळून पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. सर उठले, त्याचं कोपर धरून त्यांनी स्वतः हात शेवटपर्यंत नेला. वर्षात पहिल्यांदा त्या व्हायोलिनमधून भरगच्च सूर निघाला. ताईनं माझा हात दाबला. डॉक्टर म्हणाला, "जपून सर, राळ उडते लाकडावर."

सरांनी व्हायोलिन घेऊन उजेडात उलटसुलट पाहिलं.

"जागा नाही देता येणार," ते म्हणाले. "पण दिलं होतं त्याहून चांगलं परत येणारं वाद्य मी आज पहिल्यांदाच बघतोय. आता तूच ठरव. सहा महिने आणखी ठेव, मोकळ्या जागेत वाजव, पुन्हा परीक्षा घेईन. नाही तर वाद्यांची खोली सांभाळायला मला माणूस हवाच आहे. ते काम कर आणि हे ठेवून जा."

एवढं बोलून ते थांबले. भला माणूस होता, अगदी दार उघडं धरून उभा. "सहा महिने म्हण, मेल्या," ताई पुटपुटली. डॉक्टरनं बराच विचार केला.

"त्या खोलीला खिडक्या किती आहेत, सर?"

"एकही नाही."

त्याचा चेहरा जो उजळला, तसा मी त्याच्या लग्नातही पाहिला नाही.

पदवी घेऊन तो तिथेच चिकटला. आज त्याचे केस पांढरे झालेत. मुलं म्हणतात, वाद्य शिकायला लागत नाही इतका वेळ ते याच्याकडून बाहेर काढायला लागतो. मध्यंतरी गेले होते, तेव्हा एक मुलगी व्हायोलिन मागायला दारात उभी होती आणि हा तिला नखं दाखवायला सांगत होता. "तू स्वतः वाजवतोस की नाही कधी?" मी विचारलं.

"गजाचे केस झिजतात, मावशी," तो म्हणाला आणि मला पायपुसण्याकडे बोट दाखवलं.