डायलिसिसच्या खोलीतले पहेलवान

दोन वर्षांपूर्वी दिवाळी संपताच वर्ध्यातल्या एका डायलिसिस केंद्राने मदतनीस पहेलवान यांना रुग्णांच्या खोलीतून काढून नोंदणीच्या खिडकीवर बसवले. हिपॅटायटिस बी लसीच्या सगळ्या मात्रा घेऊनही त्यांच्या रक्तात पुरेसे संरक्षण आढळले नव्हते. खोलीत रक्ताशी रोजचा संबंध. संरक्षणाशिवाय आत काम नाही, असा केंद्राचा नियम होता.

पहेलवान जवळच्या आंजी गावचे. कुस्ती ते कधी खेळले नव्हते, नाव देहावरून पडले होते. तिथे डायलिसिसला येणाऱ्या आमच्या वडिलांच्या पायांत त्राण उरले नव्हते. पहेलवान त्यांना एकट्याने उचलून खुर्चीवर ठेवत. "बाबूजी, आंग सैल सोडा. भार माह्यावर," एवढेच म्हणत. ते खिडकीवर गेल्यावर दोघे जण मिळून उचलू लागले आणि वडील कण्हू लागले.

खिडकीपाशी जाता-येता पहेलवानांची चेष्टा चाले. वडीलच एकदा म्हणाले, "काऊन बे, लस चरबीतच हरवली का तुही?"

"हरवली नाई बाबूजी, फिरून राह्यली. गाव मोठं हाये ना!"

पण पहेलवानांनी जेवण सोडले होते. न उघडलेला डबा परत नेताना केंद्राच्या डॉक्टर मॅडमनी त्यांना अडवले.

"वजन उतरल्याबिगर मले लस लागनार नाई ना, मॅडम?"

"असं कोण म्हणालं? वजन जास्त असलं की काही वेळा शरीर लसीला कमी प्रतिसाद देतं. सुई आखूड पडली तर लस स्नायूपर्यंत जात नाही, चरबीतच राहते. वजन हळूहळू उतरवा, पण उपाशी राहून नाही. लस पुन्हा घेऊ. आधी डबा उघडा."

डबा उघडला गेला. त्यात भाकरी आणि तुरीचे वरण होते.

दुसऱ्या खेपेला सिस्टरने लांब सुई काढली. पहेलवान मागे सरकले. "हे तं बैलाले टोचाची हाये!"

"मग हलू नका," सिस्टर म्हणाल्या.

पुढच्या मात्राही त्यांनी वेळेवर घेतल्या. संध्याकाळी ते आंजीच्या रस्त्याने चालू लागले. वजन थोडेच उतरले.

गणपतीच्या आधी नवा अहवाल आला. मॅडमनी तो खिडकीपाशी वाचून दाखवला. संरक्षण पुरेसे होते. पहेलवानांनी तो पुन्हा वाचायला लावला. मग खिडकीवरची रांग दुसऱ्याच्या हवाली करून ते हात धुवायला गेले.

आत वडिलांचे डायलिसिस संपले होते. पहेलवानांनी त्यांना खुर्चीतून उचलले, बाहेर आणले आणि ऑटोत बसवले.