विश्वचषकाची मन्नत

सुई बुढ्याच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, डाव्या टाचेत होती. तुटून आत गेलेली, आणि त्याला ती कळलीच नव्हती.

तीच सुई आम्ही दोन दिवस शोधत होतो. मंगरूळपीरला आमचं गाद्यांचं दुकान आहे. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, वरून टाके घालायचे. संध्याकाळी उठायच्या आधी सुया मोजायच्या, हा माझ्या सासऱ्यांपासूनचा नियम. गादीत सुई राहिली तर झोपणाऱ्याच्या पाठीत जाते आणि मग त्या गल्लीत कोणी आपल्याला काम देत नाही. त्या दिवशी पाचांपैकी चारच भरल्या. एका नवरीच्या आंदणाच्या दोन गाद्या शिवून तयार होत्या. बुढा मला म्हणाला, "तूच ठेवली असन कुठी. तुह्या डोळ्याले दिसते काय आता?" मी दोन्ही गाद्या उसवल्या. सगळा कापूस चिमटीचिमटीने पाहिला. त्यात सुईचा मागचा अर्धा तुकडा सापडला. पुढचा सापडेना. बुढा दोन दिवस माझ्यावर चिडून दुकानात इकडून तिकडे फिरत होता आणि तुकडा त्याच्याच पायात होता.

तिसऱ्या दिवशी पांढऱ्या कापसावर त्याच्या पावलाचे पिवळे डाग दिसले, तेव्हा मी त्याला खाली बसवून टाच वर केली. नमाजआधी वजू करताना तो दिवसातून पाचदा पाय धुतो, पण टाचेला भेगा इतक्या की हाताला काही लागलं तरी त्याला खडाच वाटणार. शेजारच्या पंक्चरवाल्याने पक्कड आणली. बोटाच्या दोन पेरांएवढी सुई निघाली, मागून पू आला. बुढा रस्त्याकडे पाहत बसला होता.

"निघाली का?" त्याने विचारलं.

पंक्चरवाला माझ्याकडे पाहायला लागला. खरं तर इतकं दुखायला हवं होतं की त्याने आम्हाला लाथ मारली असती.

गावातल्या डॉक्टरने सांगितलं ते आम्हा दोघांसमोर सांगितलं. शुगरमुळे पायाची जाण गेली आहे. जखम खोल आहे. मऊ तळव्याची चप्पल घालायची, एक पाऊलही त्याशिवाय टाकायचं नाही. नाही तर पाय जाईल. बुढा म्हणाला, "चप्पल जमत नाई." डॉक्टरला वाटलं, महाग वाटली असेल. मी सांगितलं, पैशाचं नाही, मन्नतीचं आहे.

ती मन्नत चाळीस वर्षांची आहे. बुढा तरुणपणी ईदगाहच्या मैदानावर फुटबॉल खेळायचा. पिंजारी आणि बागवानांची पोरं मिळून एक संघ होता. अकोल्याला जायचे, हरून यायचे. त्यांच्यातल्या एका जुन्या खेळाडूने याला सांगितलं होतं की देश स्वतंत्र झाल्यावर आपल्या संघाला विश्वचषकाचं बोलावणं आलं होतं, पण आपले खेळाडू अनवाणी खेळत म्हणून गोऱ्यांनी खेळू दिलं नाही. ही गोष्ट याच्या डोक्यात रुतली. पुढे आमचं लग्न झालं, पोरगी झाली, आणि एक दिवस कळलं की आपला देश पहिल्यांदाच विश्वचषकाच्या पात्रतेचे सामने खेळणार. बुढा जुमेरातीला, गुरुवारी, दर्ग्यात गेला. सगळे काढतात तशा दारात चपला काढल्या, आत जाऊन मन्नत बोलला की देश विश्वचषकात खेळेपर्यंत पायात काही घालणार नाही, आणि बाहेर येऊन चपला न घेता घरी आला. नव्या चपला होत्या. कोणी तरी नेल्या.

मी विचारलं, "किती दिवस असं?"

"सालभर. लय झालं तं दीड."

त्या वेळी इंडोनेशिया पुढे गेला, आपण राहिलो.

तेव्हा दुकान नव्हतं. बुढा खांद्यावर धनुकली घेऊन गावोगाव कापूस पिंजायला जायचा. आसेगावला पायी, जऊळक्याकडे गाडीने. मे महिन्यात डांबर वितळलेलं असायचं. घरी आला की मी केरोसीनने तळव्याचं डांबर काढायची आणि मग एरंडीचं तेल लावायची. हे काम कोणी मला सांगितलं नव्हतं आणि कोणी कधी विचारलंही नाही.

तो उर्दू शाळेत शिकला, मराठी अडखळत वाचतो. मी मराठी शाळेत चौथी केली. म्हणून पेपर मी वाचायची. क्रिकेटचं पान भरून यायचं आणि फुटबॉलचं खाली कोपऱ्यात, टायरच्या जाहिरातीशेजारी, दोन ओळी. त्या दोन ओळींत "पराभूत" हा शब्द शोधायचा, तो सापडला की बाकी वाचायचं काम नसायचं. अशी मी देशाच्या फुटबॉलची सगळी हकिकत शिकले. जुनं बुढ्याकडून ऐकलं: आशियाई खेळांत दोनदा सुवर्ण, ऑलिम्पिकमध्ये एकदा चौथा नंबर. ते सगळं आमच्या लग्नाच्या आधीचं. लग्नानंतरचं मी वाचलेलं. एकदा अमिरातीला हरवलं आणि तरी एका गुणाने मागे राहिलो. त्या दिवशी तो जेवला नाही. एकदा गुआम नावाच्या बेटाकडून हरलो. मी विचारलं हे कुठे आहे, तर त्यालाही सांगता येईना. पंक्चरवाल्याने मोबाईलवर पाहून सांगितलं की अख्ख्या बेटावर आपल्या एखाद्या तालुक्याएवढीच माणसं आहेत. "चाची, आपल्या मंगरूळचा संघ पाठवला असता तरी चाललं असतं," तो म्हणाला. सुईच्या साली जानेवारीत आशियाच्या स्पर्धेत तीन सामने झाले. तिन्ही हरलो आणि एकही गोल केला नाही. पाय मात्र माझ्या नवऱ्याचा फाटत गेला.

लोकांना वाटायचं, मोठा भक्त माणूस आहे. मला कधी वाटलं नाही. जिद्दी माणूस आहे, एवढंच.

डॉक्टरकडून आलो तेव्हा पात्रतेचे दोन सामने राहिले होते. कुवेत आणि कतार. बुढा म्हणाला, "पंधरा-वीस दिवसाची गोठ हाये. दोन्ही जिंकलो तं पुढच्या फेरीत जातो."

"पुढच्या फेरीत गेलं म्हणजे विश्वचषकात गेलं काय?"

"नाई. पण रस्ता खुलते."

"मंग मन्नत तं तेव्हाबी सुटत नाई."

"अवं, आता मंधात कशी सोडू? चाळीस साल झाले आन् दोन सामने राह्यले."

मी मौलानांकडे गेले. आधी साधं विचारलं, जखमेवर प्लास्टिकची पिशवी बांधली तर मन्नत मोडते का. मौलाना वयाने माझ्या पोरीएवढे आहेत. हसले. म्हणाले, "चाची, पिशवी बांधा, पट्टी बांधा, काही मोडत नाही. पण चाचांना सांगा, पाय सडवून अल्लाहला काय मिळणार? मन्नत सोडायची तर कफ्फारा द्या. दहा गरिबांना पोटभर जेवू घाला आणि मोकळे व्हा."

एवढं सोपं होतं. चाळीस वर्षं मी डांबर काढलं आणि दहा माणसांच्या जेवणाने सुटणार होतं. मी घरी येऊन बुढ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सामने झाल्यावर पाहू."

पिशवी त्याने बांधून घेतली, पण दुकानात घसरायला होतं म्हणून काढून टाकायचा. जखमेत आमच्याच दुकानातला पिंजलेला कापूस कोंबायचा. मी ओरडले, तर म्हणे, "जिनगीभर लोकायच्या अंगाखाली दिला, कोनाले काई झालं नाई. माह्या पायाले काय होते?" डॉक्टरने तो कापूस चिमट्याने काढला तेव्हा त्यात सरकीचं टरफल निघालं. डॉक्टर बुढ्यावर रागावला. मी गप्प राहिले, कारण पहिल्या दिवशी सुई निघाल्यावर तो कापूस मीच लावला होता. आमच्याकडे कापलं, खरचटलं की हाताशी तोच असतो.

कुवेतच्या सामन्याच्या दिवशी मी त्याला न विचारता स्वयंपाक केला. दालचा आणि भात. दर्ग्याजवळ बसणारी दहा माणसं बोलावली, दुकानासमोर सतरंजी टाकून जेवू घातली. बुढा दुपारची जोहरची नमाज पढून आला आणि पाहतच राहिला.

"हे काय लावलं?"

"तुमचा कफ्फारा. उद्यापासून चप्पल घाला."

"माही नियत नाई तं कफ्फारा कायचा? तू फक्त लोकं जेवाले घातले."

मी पुन्हा मौलानांकडे गेले. त्यांनी मान हलवली. नियत ज्याची मन्नत त्याची लागते. जेवू घातल्याचं पुण्य, सवाब, तुम्हाला मिळेल, चाची, पण मन्नत सुटली नाही. मी म्हटलं, माणसं तर जेवून गेली. ते म्हणाले, हो, ते चांगलंच झालं. परत येताना पंक्चरवाल्याने विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, "चाचाले म्हणा, मन्नत बदला. कबड्डीची घ्या. परवाच चप्पल भेटते." मला हसू आलं नाही. नंतर आलं.

संध्याकाळी कुवेतशी सामना बरोबरीत सुटला. दोन्हीकडे एकही गोल नाही. बुढा म्हणाला, अजून कतार आहे.

मधल्या दिवसांत पाय घोट्यापर्यंत लाल झाला. अंगात कणकण होती. मी डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणे, मंगळवारपर्यंत थांब. मंगळवारी सामना होता. मी त्याला उचलून नेऊ शकत नव्हते. पोरगी फोनवर रडली, त्याला फोन दिला, तो तिला म्हणाला, "मी बरा हाये, तुह्या मायले घाबराची सवयच हाये." मी तेव्हा जोर करायला हवा होता. केला नाही. चाळीस वर्षं जोर करून थकले होते, हे खरं कारण आहे.

सामना रात्रीचा होता. मी झोपले. सकाळी उठले तर बुढा खाटेवर पाय खाली सोडून बसलेला. त्याने सगळं सांगितलं, जसं कोणाच्या मयतीचं सांगतात तसं. आपला गोल आधी झाला. बराच वेळ आपण पुढे होतो. मग कतारच्या माणसाने रेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढला आणि गोल केला, आणि पंचाने तो दिला. "बाहेर गेल्ता," बुढा म्हणाला. "साऱ्यायनं पाह्यलं. आपले पोट्टे थांबले, त्यायले वाटलं शिट्टी वाजन." मग आणखी एक गोल झाला. संपलं.

मी विचारलं, "मंग?"

"चप्पल आन."

चप्पल आणून ठेवलेली होती, डॉक्टरने सांगितलेली, कपाटावर. मी खाली बसून त्याच्या पायात घालायला लागले. गेली नाही. पाऊल सुजून पावासारखं झालं होतं, आणि करंगळी काळी पडली होती. बुढ्याने वाकून पाहिलं. चाळीस वर्षांत त्याने स्वतःचा पाय पहिल्यांदा नीट पाहिला असेल.

पंक्चरवाल्याने गाडी बोलावली. अकोल्याला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तासाभरात सांगितलं की विष वर चढलं आहे, गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, आणि तरी जगण्याची खात्री नाही. वय, शुगर, ताप.

ऑपरेशनच्या आधी एक तरुण डॉक्टर कागद भरायला आला. पायाला इतक्या भेगा कशाने, त्याने विचारलं. बुढा ग्लानीत होता, मी सांगितलं. त्या पोराला फुटबॉलचा नाद असावा. तो म्हणाला, "मावशी, अनवाणी खेळतात म्हणून अडवलं, ही गोष्ट खरी नाही. बोलावणं होतं, आपल्याच लोकांनी संघ पाठवला नाही. बोटीचा लांबचा प्रवास, आणि तेव्हा आपल्याला ऑलिम्पिकच मोठं वाटायचं."

मी म्हटलं, "हे तुमी चाळीस वर्षांआधी सांगायचं होतं."

"तेव्हा मी जन्मलो नव्हतो, मावशी."

मला वाटलं बुढ्याने ऐकलं नसेल. पण तो डोळे मिटूनच म्हणाला, "दहा मानसं जेवाले सांग. आता माही नियत हाये." मी दवाखान्याच्या फाटकाबाहेर गेले, तिथल्या गाडीवरून वरण-भाताच्या दहा थाळ्या घेतल्या, आणि पेशंटसोबत आलेल्या, फुटपाथवर बसलेल्या लोकांना दिल्या. त्यांना कशासाठी ते सांगितलं नाही. एका बाईने विचारलं, कोणाच्या नावाने? मी म्हटलं, माझ्या नवऱ्याच्या. ती म्हणाली, गेले का? मी म्हटलं, अजून नाही.

पाय काढला. दोन दिवस तो कोणाला ओळखत नव्हता. माझ्या हाताला एक शिवण अर्धवट राहिलेली गादी आठवत होती, बाकी मी फार काही विचार केला नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि त्याने पाणी मागितलं.

बुढा वाचला. आज तो एकाहत्तर वर्षांचा आहे, मी अडुसष्ट. आम्ही दोघंही आहोत.