पुसायचं तर सगळ्यांनी

पुराचं पाणी उतरल्यावर फोन आला. आमच्या ऑफिसातल्या शीलाचा भाऊ भामरागडकडे मास्तर आहे. पावसाळ्यात तिकडचे रस्ते बंद होतात हे आम्हाला चंद्रपुरात बसून ठाऊक असतं, पण आपलं माणूस तिकडे अडकलं की जीव कसा टांगणीला लागतो ते या खेपेला कळलं. ती भावाकडे म्हणून गेली, ताप आला, मलेरिया डोक्यात गेला, आणि नदी काही ओलांडता येईना... भावाने आलापल्लीला येऊन ट्रंककॉल लावला तोवर सगळं आटोपलं होतं. "बाई, शीला गेली जी," एवढंच तो बोलला. मी रिसीव्हर ठेवला आणि हात आपसूक कापडाकडे गेला. फोन पुसला, पुन्हा पुसला. रडू काही आलं नाही. ऑफिसातल्या बाकीच्यांना सांगायला उठले.

मी जन्माची घाबरट. शीला तशी नव्हती. ती मूल गावाकडची, शिकून कॉम्प्युटर ऑपरेटर झालेली, तोंडाने फटकळ. ऑफिसात कॉम्प्युटर आला तो सगळ्यांत मिळून एकच. त्याला गार हवेची खोली, दाराबाहेर चपलांची रांग, आत शिरताना हात जोडणारेही होते! पण तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटलेल्या बोटांनी तीच मंडळी बटणं दाबायची, त्याचं कुणाला काही नाही. "मशीनले चपलेनं काई होत नाई, बोटानं होते," असं शीला तोंडावर सांगायची. एका खंडेनवमीला ती नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती. इकडे आमच्या बडेबाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, मोठ्या भक्तिभावाने मशीनची पूजा केली आणि हळद, कुंकू, अक्षता थेट बटणांवर वाहिल्या. ती परतली तर निम्मी बटणं दाबली की वर येईनात. दुपारभर चिमट्याने तांदूळ वेचत बसली. बडेबाबू बाजूला उभे, तोंड एवढंसं झालेलं. "बाबू, याले भूक नाई लागत," एवढंच ती म्हणाली, आणि ते स्वतःच हसले. तेव्हापासून मशीन बंद करून, घट्ट पिळलेल्या ओलसर कापडाने पुसायचं आणि फोनच्या बोलायच्या भागावरून स्पिरिटचा बोळा फिरवायचा, हे काम तिने आपल्याकडे घेतलं.

मग तिला खोकला लागला. टीबी निघाला. औषधं घेऊन, बरीच सुट्टी काढून ती परत आली तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हा रोग खोकल्यातून हवेत पसरतो, वस्तूंवरून नाही, आणि आता हिच्यापासून कुणाला भीती नाही. पण भीती काय डॉक्टरला विचारून येते? ती फोनवर बोलून उठली की मागून कुणीतरी गुपचूप रिसीव्हर पुसायचं. माझी मुलगी तेव्हा लहान होती. ऑफिसातून घरी गेले की तिला जवळ घेण्याआधी मी कोपरापर्यंत हात धुवायची आणि धुताना शीलाचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा. बडेबाबू मनाने वाईट नव्हते. त्यांनी तिला बाजूला बोलावून मायेनेच सुचवलं, की तुमच्यासाठी वेगळा फोन मागवतो, टेबल वेगळं लावू, पाण्याचा गिलासही वेगळा ठेवू, कुणाची कटकट नको.

शीलाचा चेहरा पांढरा पडला. मी शेजारीच होते. तिच्या आईला गावच्या हॉटेलात चहा मिळायचा तो कुडाला टांगलेल्या वेगळ्या कपात, हे तिने मला कधीतरी सांगितलं होतं. बडेबाबूंच्या ध्यानीमनीही ते नव्हतं. ती म्हणाली, "बाबू, वेगळं मले नाई पाह्यजे. पुसायचं असन तर सगळ्यांनी पुसायचं, साहेबानं बी. बसायच्या आधी अन् उठल्यावर. पण माह्या एकटीच्याच मागून पुसू नका." आणि हे जमत नसेल तर आपण राजीनामा देतो, असंही तिने शांतपणे सांगितलं.

नवरा नाही, आई तिच्यावर अवलंबून, आणि ही राजीनाम्याच्या गोष्टी करते! साहेब दौऱ्यावर होते. ते येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते मलाच माहीत... दार वाजलं की वाटायचं, आता बोलावणं आलं. तीही आतून हादरली होती. डबा उघडायची आणि तसाच मिटून ठेवायची.

साहेब आले, बडेबाबूंचं ऐकून घेतलं आणि थेट मशीनच्या खोलीत गेले. दारात आम्ही सगळे. शीला उठली, बटणं पुसली, कापड बाजूला ठेवलं. साहेबांनी दुसरं कापड घेऊन परत पुसलं. वाटलं, संपलं. ते बसले, कागद पाहिले, काही बटणं दाबली, उठले. आणि उठल्यावर त्यांनी पुन्हा कापड घेतलं, आपण हात लावलेली बटणं नीट पुसली आणि शीलाला म्हणाले, "बसा." तो दिवस आणि आजचा दिवस, आमच्याकडे कुणीही न पुसता बसत नाही की उठत नाही.

तिचा टीबी पुरता बरा झाला होता. स्पिरिटने सगळं पुसत आलेल्या बाईला शेवटी एका डासाने नेलं, याचा राग मला अजून येतो. कुणावर काढायचा तो?

गेल्या आठवड्यात तिच्या जागी नवी मुलगी आली. पहिल्याच दिवशी सर्दीने नाक लाल झालेलं, बिचारी दारातच अवघडून उभी. आपल्यासाठी वेगळं काही ठेवायचं का, असं तिने विचारलं. बडेबाबू फायलीतून वर पाहत म्हणाले, "इथी कोनाले वेगळं काई नसते, बाई. पुसा अन् बसा." ती पुसून बसली. बातमी आली त्या दिवशी न आलेलं रडू मला तेव्हा आलं.