हेल्मेटांची पूजा

रघुरामांना पडण्याची भारी धास्ती. स्वतःच्या नव्हे, दुसऱ्यांच्या. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतले हे मराठी ओव्हरसियर बांधकामावर खाली उभे राहायचे, आणि वर चढलेल्या माणसांपायी यांचाच जीव टांगणीला लागायचा. त्याला कारण होतं. मागच्या वर्षी सदाशिवम गवंडी परांचीवरून डोक्यावर आपटला होता. वाचला, पण कितीतरी दिवस स्वतःच्या बायकोला, भामाला, ‘अक्का’ म्हणत होता!

नव्वदीची ती वर्षं. सिंगापूरच्या पैशावर लग्नकार्यांसाठी तीनमजली कल्याणमंडप उठत होता. मालकाने तिकडून पिवळी हेल्मेटं धाडली. गवंड्यांनी त्यांत ताक ओतून पिऊन घेतलं आणि डोक्याला पुन्हा टॉवेल गुंडाळले. रघुराम ओरडून थकले.

घरी बायको गायत्री म्हणाली, “अस्की, सगळी हत्यारं आयुधपूजेला ठेवता नव्हे? तींही ठेवा की!”

रघुराम खूश. थाप्या, ओळंबे यांच्या पुढ्यात हेल्मेटं मांडली, प्रत्येकाला चंदन-कुंकू लावलं, कुरमुरे-फुटाणे वाटले. आता कोण यांत ताक पितो, बघू!

ताक कुणीच प्यायलं नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, गड्यांनी हत्यारं उचलली; हेल्मेटं मात्र फळीवरच.

“पूजा झालीय, सार,” सदाशिवम हात जोडून म्हणाला. “घामट डोकं कसं घालायचं त्यात?”

रघुरामांनी कपाळावर हात मारून घेतला. हे देव त्यांनीच बसवले होते!

तिथेच मजुरीला असलेल्या भामाने डोक्यावरचं घमेलं खाली ठेवलं. “देवाला डोक्यावर घेऊनच मिरवतात ना? मग घ्या!” तिने नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट दाबून बसवलं, पट्टा आवळला. “आणि पुन्हा मला अक्का म्हणालात, तर माहेरी जाईन!”

हशा पिकला. तिचा धसका घेऊन बाकीच्यांनीही मुकाट्याने हेल्मेटं चढवली.

पोंगलच्या सुमारास परांचीची दोरी सुटली. सदाशिवम वाळूच्या ढिगावर कोसळला आणि डोकं धाडकन विटांवर आदळलं. रघुराम धावले. सदाशिवम उठून बसला. हेल्मेट काढून त्याने हातात घेतलं. मधोमध चीर गेली होती. ती बघून तो ढसाढसा रडू लागला.

“कुठे लागलं, बाबा?”

“मला नाही हो, सार! देवाला लागलं!”

रघुराम तिथेच वाळूत बसले. त्याचं शाबूत डोकं दोन्ही हातांनी चाचपत, रडता रडता हसत सुटले.