सल्ल्याआधीचं इंग्रजी

मानोऱ्याहून वाशीमला जाताना एसटीत एक बाई माझ्या शेजारी होत्या. इंग्रजी बोलायच्या क्लासला जायच्या. सल्ला द्यायचा झाला की चष्मा वर सरकवून आधी म्हणायच्या, "इफ आय वेअर यू," आणि पुढचं वऱ्हाडीत. समोरच्या बाईला म्हणाल्या, "इफ आय वेअर यू, लेकराले खिडकीजोळ बसवलं असतं. त्याले मळमळून राह्यलं."

मी सांगितलं, वडील दवाखान्यात आहेत, ऑपरेशनला नाही म्हणतात.

त्यांनी चष्मा सरकवला. "इफ आय वेअर यू..." म्हणाल्या आणि थांबल्या.

"नाई बाप्पा. तुमच्या जागी मी कशी येईन? त्याइच्याजोळ बसा. कायचं भेव वाटते, इचारा."

दवाखान्यात पोचल्यावर मी विचारलं. ऑपरेशनला बाबा शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. पण त्या दुपारी ते बराच वेळ बोलले.