ड्रायव्हरसाठी गाऱ्हाणं

"ए म्हातारबा, चपला काढ. माझ्या ड्रायव्हरसाठी गाऱ्हाणं घाल."

हॉटेलात उतरलेल्या एका साहेबांनी नवी कोरी काठी गवतावर आडवी ठेवली होती. म्हातारबा म्हणजे माझे बाबा. हातात कापलेल्या गवताची जुडी.

आमच्या सड्यावर, गावावरच्या कातळमाळावर, हॉटेलवाल्यांनी गोल्फचं मैदान केलं. बाबा तिथे माळी, मी तिथल्या दुकानात. नवशिक्या पाहुण्यांना काठी निवडून द्यायची, हे माझं काम. लांब फटक्याची काठी म्हणजे ड्रायव्हर. दोन वर्षांत मी सगळं नीट शिकले होते. साहेब पहिल्यांदाच खेळणार होते, म्हणून मी मोठ्या डोक्याचा, हलका, तोंड जरा वर कललेला ड्रायव्हर पुढे केला.

"सर, नवीन माणसाला हा बरा. चेंडू सहज उचलतो."

ते मॅनेजरला म्हणाले, "ही गवतवाल्याची मुलगी ना? हिला काय कळतंय?"

आणि सगळ्यात महागडा उचलला. उभ्या तोंडाचा, मुरलेल्या खेळाडूंचा.

चार चेंडू मारले. चारही उजवीकडे काजूच्या झाडांत गेले. नाचता येईना, अंगण वाकडं. म्हणाले, जागेतच दोष आहे. मग मॅनेजरला आठवलं की गावच्या देवळात गाऱ्हाणं बाबाच घालतात. सगळ्यांच्या वतीने ते देवाकडे मागतात, आणि गाव 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझी नोकरी जाईल, एवढंच त्यांच्या डोळ्यांत होतं. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा... ह्या तुझ्या लेकराचो चेंडू सरळ जांवदे रे म्हाराजा..."

लहानपणी मी तापाने फणफणले होते, तेव्हा याच आवाजात त्यांनी देवाला हाक मारली होती.

"व्हय म्हाराजा!" पाहुणे खिदळले. मोबाइल वर झाले. मॅनेजर मला म्हणाला, "तू पण म्हण."

मी म्हटलं. हळू, पण म्हटलं. बाबांनी ऐकलं.

त्यानंतर जत्रा आली. गाऱ्हाण्याला सगळा गाव बाबांकडे बघू लागला. बाबा खांबाला टेकून बसून राहिले.

"माका आता जमाचा नाय. दुसरो कोणतरी उभो रवांदे."

कारण कुणाला कळलं नाही. मला कळलं. घरी येऊन त्यांचे पाय धरले, खूप रडले.

"तुझी चूक नाय गो बाय," ते म्हणाले. "पण खंयच्या तोंडान देवाक हाक मारू?"

माझं काळीज तेव्हाच तुटलं. अजून सांधलेलं नाही.

गेल्या आठवड्यात साहेब पुन्हा आले, मित्रांना घेऊन. "म्हातारबा कुठाय? बोलवा त्याला. यांना गंमत दाखवायची आहे."

मी म्हटलं, "ते येणार नाहीत."

"नोकरी नकोय का?" मॅनेजर दातओठ खात म्हणाला.

त्या दुकानात पहिल्यांदाच माझ्या तोंडून मालवणी निघाली. "गाऱ्हाणा माणसासाठी घालतत. काठयेसाठी नाय."

नोकरी गेली. बाबा अजून गप्पच आहेत. त्यांचा आवाज मी परत आणू शकत नाही, हे मला माहीत आहे.

येत्या जत्रेत ते उठले नाहीत, तर मी उठेन. बाईमाणसानं गाऱ्हाणं घालायचं नसतं, असं गाव म्हणेल. म्हणू दे. चपला काढून उभी राहीन. पहिलं गाऱ्हाणं माझ्या नावाचं. बापाची टिंगल चालली होती तेव्हा मी 'व्हय' म्हटलं, हे सगळ्यांसमोर सांगेन. दुसरं साहेबांच्या नावाचं. देवाला मारलेल्या हाकेची त्यांनी कशी गंमत केली, तेही सांगेन. मग 'व्हय म्हाराजा' म्हणायचं की खाली मान घालून बसायचं, ते गावानं ठरवावं.